चारशेचा ग्लास आणि आपली मळी



परवा गट सभा आटोपून चहापाणी चालले असता एका सभासदाने प्रश्न टाकला. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. ते म्हणाले, "पोरगं सांगतंय, तिकडं ताज्या बिअरचा एक ग्लास चारशेच्या घरात गेला. दारू तर आपल्याच मळीतून निघते ना? मग त्यातलं आमच्या उसाला काय मिळतं?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुष्कळांच्या मनात तोच आहे, फक्त बोलून दाखवत नाहीत. म्हणून त्याचा खुलासा येथे करीत आहोत. कोणी प्यावे की पिऊ नये हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. आमचे मत विचाराल तर न प्यालेले बरे. पण हिशेब समजून घ्यायला हरकत नाही.

बिअर मळीची नव्हे, जवाची

पहिली गोष्ट ही की, बिअरचा आणि आपल्या मळीचा संबंध नाही. बिअर होते जवापासून. आपण मटकीला मोड आणतो तसे जव भिजवून मोड आणतात, वाळवतात, भरडतात आणि गरम पाण्यात मुरवून त्याचा गोड रस काढतात. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुले उकळतात, मग खमीर घालून थंड टाकीत आंबवतात. जव पिकतो राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणात. हॉप्स बहुतेक जर्मनी, अमेरिका अशा देशांतून येतात. आपल्या मळीचे अल्कोहोल जाते ते पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला, औषधे व रसायने बनवणाऱ्यांना आणि देशी दारूला.

भाव कशाने चढले?

मोठ्या कंपन्यांची बाटलीतली बिअर आणि ही ताजी 'क्राफ्ट' बिअर यांत तेवढाच फरक, जेवढा साखर कारखान्यात आणि गुऱ्हाळात. कारखाना दिवसाला हजारो टन ऊस गाळतो, म्हणून पोत्यामागे खर्च कमी बसतो. गुऱ्हाळावर एक काहील, एक चुलवाण, चार माणसे. खर्च मात्र तेवढ्याच गुळावर पडतो. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' नावाची छोटी भट्टी सुरू झाली आणि पुढे असा धंदा वाढत गेला. माल थोडा, टिकाऊ नाही, रात्रंदिवस थंड ठेवायचा आणि जागा शहरातल्या मोक्याच्या रस्त्यावर. वीज आणि भाडे यांतच निम्मा जीव जातो.

त्यात बाहेरची कारणे मिळाली. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटले. दोन्ही देश जवाचे मोठे निर्यातदार, त्यामुळे जगभर जवाचा भाव भडकला. पुढे रुपया घसरला. २०२१ च्या सुरुवातीला डॉलरला सुमारे ७३ रुपये पडत होते, २०२५ च्या अखेरीस ते नव्वदीच्या घरात गेले. परदेशी हॉप्स आणि यंत्रे तेवढ्याने महागली.

मग कर. माणसाच्या पिण्याचे मद्य जीएसटीत नाही, त्यावर राज्य सरकार उत्पादन शुल्क आणि व्हॅट घेते. परमिट रूममध्ये बसून पिण्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये परवाना शुल्क वाढले आणि विदेशी मद्याचे उत्पादन शुल्कही जोरात चढले. १४ जुलै २०२५ रोजी राज्यातल्या बारवाल्यांनी निषेध म्हणून एक दिवस धंदा बंद ठेवला होता. जून २०२५ ची शुल्कवाढ बिअरवर नव्हती, पण ज्या टेबलावर बिअर येते त्याच टेबलाचा खर्च वाढला, तो शेवटी ग्लासातच उतरला.

शेतकऱ्याच्या वाट्याला किती?

आता खरा हिशेब पाहू. अर्ध्या लिटरच्या ग्लासाला ढोबळमानाने सव्वाशे ग्रॅम जव लागतो. जवाची आधारभूत किंमत २०२६-२७ च्या विक्री हंगामासाठी क्विंटलला २,१५० रुपये, म्हणजे किलोला साडेएकवीस. सव्वाशे ग्रॅमचे झाले पावणेतीन रुपये! चारशेच्या ग्लासात जव पिकवणाऱ्याचा वाटा शेकड्याला एक रुपयासुद्धा नाही. ग्लास पाचशेचा झाला तरी त्याचे पावणेतीन काही पाच होत नाहीत. म्हणजे दुःख आपल्या एकट्याचे नाही.

आपल्या मळीचे पाहा. एक टन उसाला साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते. तिच्यातून नऊ-दहा लिटर अल्कोहोल मिळते. सी-हेवी मळीच्या इथेनॉलला तेल कंपन्यांनी २०२४-२५ मध्ये लिटरला ५७ रुपये ९७ पैसे दर दिला. म्हणजे टनामागे ढोबळ विक्री साडेपाचशेच्या आसपास. त्यातून वाफ, वीज, पगार, कर्जाचे व्याज आणि घाण पाण्याच्या विल्हेवाटीचा खर्च वजा करायचा. सोन्याचा हंडा कुठे पुरलेला नाही, पण अगदीच काही नाही असेही नव्हे.

म्हणून नियम नीट समजून घ्या. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये ठरली. तोडणी-वाहतूक त्यातूनच जाते. त्याशिवाय राज्यात २०१३ चा ऊस दर विनियमन कायदा आहे. साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड या पहिल्या पायरीच्या उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के हिस्सा उसाचा, किंवा नुसत्या साखरेवर हिशेब धरला तर ७५ टक्के. येथेच मेख आहे. या हिशेबात मळी धरली जाते, पुढे तिच्यापासून झालेले अल्कोहोल नव्हे. कारखान्याने आपल्याच डिस्टिलरीला मळी कोणत्या दराने दिली, यावर सभासदाचा पैसा ठरतो. दर कमी लावला तर नफा डिस्टिलरीच्या खात्यात दिसतो आणि उसाचा हिस्सा आटतो.

पाण्याची गोष्ट

शेवटचा मुद्दा बीडकरांना सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचे पाणी टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत कापायला लावले. जायकवाडीचे पाणी तिकडे औद्योगिक वसाहतींना जाते, तेच उजव्या कालव्याने आपल्या माजलगाव धरणातही येते. बिअरला पाणी लागते हे खरे, पण उसाला त्याहून कितीतरी जास्त लागते. दुसऱ्याच्या ग्लासाकडे बोट दाखवताना आपल्या पाटाकडेही पाहिले पाहिजे. ठिबक करण्यातच शहाणपण आहे.

तात्पर्य एवढेच. पैसा पिकवणाऱ्याजवळ नाही, तो पक्का माल करून विकणाऱ्याजवळ साठतो. सहकारी कारखाना काढला तो याचसाठी की, पिकवणारा आणि पक्का माल करणारा एकच असावा. पण नुसते शेअर घेऊन ते साधत नाही. वार्षिक सभेला अहवाल हाती पडला की साखरेचे पान उलटून मळीचे पान काढा. किती टन निघाली, कुठे गेली आणि काय दराने गेली, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देणे हे आमचे काम आणि विचारणे हा आपला हक्क.