‘किराया’ : बोलीतील एक शब्द, कायद्यातील दोन अर्थ

गोंदिया जिल्ह्यात मोबदला देऊन दुसऱ्याच्या घरात वास्तव्य करणे यास ‘किरायाने राहणे’ म्हणतात, व राहणारा तो ‘किरायेदार’ होय. प्रमाण मराठीतील ‘भाडे’ हा शब्द संस्कृत ‘भाटक’ पासून सिद्ध झाला. ‘किराया’ अरबीतून फारसीच्या मार्गाने आला. कुळ भिन्न असले तरी दोन्ही शब्दांचा व्यवहारातील अर्थ एकच आहे. कायद्याने मात्र या एका व्यवहाराचे दोन प्रकार मानले आहेत, आणि आपण कोणत्या प्रकारात मोडतो यावर राहणाऱ्याचे छप्पर अवलंबून असते.

पहिला प्रकार भाडेपट्ट्याचा. यात घराच्या उपभोगाचा हक्क भाडेकरूकडे जातो. दुसरा प्रकार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा. यात केवळ वापराची अनुमती मिळते; घरात हक्क निर्माण होत नाही. असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने असे प्रतिपादन केले की, हा भेद दस्तऐवजाच्या नावावरून ठरवावयाचा नसून त्याचा आशय व पक्षकारांचा हेतू पाहून ठरवावयाचा असतो. म्हणजे शब्दापेक्षा अर्थास प्राधान्य देण्यात आले.

गोंदिया हा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग होता, व हा प्रदेश १९५६ पर्यंत मध्यप्रदेश राज्यात होता. त्यामुळे विदर्भातील भाडेनियंत्रण मुंबईच्या कायद्याहून वेगळे राहिले. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४९ च्या आदेशान्वये भाडेनियंत्रकाची लेखी परवानगी घेतल्यावाचून घरमालकास पट्टा संपविण्याची नोटीसही देता येत नसे. ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अंमलात आला व ही व्यवस्था संपुष्टात आली.

नव्या अधिनियमाने भाडेकरूचे संरक्षण निराळ्या रीतीने केले. अधिनियमात दिलेले कारण न्यायालयापुढे सिद्ध झाल्याखेरीज त्यास घराबाहेर काढता येत नाही, आणि कलम ११ अन्वये भाड्यात वार्षिक चार टक्के वाढ अनुज्ञेय आहे. निवासासाठी लायसन घेणाऱ्याची स्थिती याहून भिन्न आहे. कलम २४ प्रमाणे मुदत संपताच त्याने ताबा सोडावयाचा असतो. न सोडल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई देय होते. शिवाय लायसनचा लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. १९५९ साली गौण ठरलेल्या शब्दास येथे पुन्हा निर्णायक बळ प्राप्त झाले आहे.

करार तोंडी असल्यास काय, हा प्रश्न उरतो. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याची नोंदणी आवश्यक असल्याने अकरा महिन्यांचा करार करण्याची प्रथा पडली. परंतु कलम ५५ ने भाडेपट्टा व लायसन या दोहोंसाठी मुदतीचा विचार न करता लेखी व नोंदणीकृत करार सक्तीचा केला. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न झाल्यास अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तोंडी व्यवहारात कायदा किरायेदाराचे म्हणणे आधी ऐकतो. लेखी व्यवहारात तो कागदावरील शब्द ऐकतो. ज्या बोलीत या दोन प्रकारांसाठी एकच शब्द आहे, तिच्या भाषकास स्वाक्षरीपूर्वी हा भेद त्याच्याच बोलीत समजावून सांगितला जाणे अगत्याचे आहे. अन्यथा ‘किरायाने राहतो’ असे म्हणणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने किरायेदार नसतो, आणि हे त्यास मुदत संपल्यावरच कळते.