एक्स-रे निर्दोष, तरी खुबा का दुखतो?

कर्जत : भातलावणीसाठी दिवसभर चिखलात वाकणारा शेतकरी असो, की खोपोली-कर्जतहून रोज लोकलने मुंबई गाठणारा चाकरमानी, खुबा दुखू लागला की श्रमामुळे दुखत असेल, अशीच दोघांची समजूत होते. बाम चोळला जातो, वेदनाशामक गोळ्या घेतल्या जातात. फार तर एक्स-रे काढला जातो आणि तो निर्दोष आला की विषय मिटतो. मात्र पडणे वा मार लागणे असे काहीच घडलेले नसताना खुबा दुखत राहिला, तर तेवढ्यावर निर्धास्त राहणे महागात पडू शकते.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. या माथ्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक असतात. हा पुरवठा तुटला की तेथील हाड मृत होऊ लागते. या विकारास 'अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस' म्हणतात. स्टेरॉइडचा मोठ्या मात्रेतील वापर, अतिमद्यपान आणि सिकलसेल ही त्याची प्रमुख कारणे होत.

मृत हाडातील खनिजे लगेच नाहीशी होत नाहीत. त्यामुळे सुरुवातीला एक्स-रेमध्ये फरक दिसत नाही. एमआरआयमध्ये चुंबकीय क्षेत्र व रेडिओलहरींच्या साह्याने शरीरातील पाणी आणि चरबी यांच्याकडून येणारे संकेत टिपले जातात. हाडाच्या मगजातील बदल त्यात लवकर उमटतात. क्ष-किरणांचा मारा नसतो. ताणामुळे पडलेली बारीक भेग, सांध्याचा क्षयरोग वा वाटीच्या कडेची फाटलेली कूर्चा यांचाही त्यातून शोध घेता येतो.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कोविडनंतर या विकाराने ग्रासलेल्या तिघा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तिघेही चाळिशीच्या आतले होते. कोविडचे निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत त्यांना त्रास सुरू झाला होता. ते स्वतः डॉक्टर असल्याने त्यांनी लक्षणे वेळीच ओळखली, असे तेव्हा वृत्तपत्रांतून सांगण्यात आले होते. सामान्य रुग्णाला ही सोय नसते.

वेळेचे महत्त्व येथेच आहे. माथा शाबूत असताना निदान झाले, तर औषधे किंवा हाडाला छिद्र पाडून आतील दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया यांचा विचार करता येतो. माथा खचल्यावर बहुधा सांधेरोपणच करावे लागते.

प्रत्येक दुखण्याला एमआरआय लागत नाही. आधी डॉक्टरांची तपासणी व एक्स-रे आवश्यकच. पण जांघेतील दुखणे काही आठवडे हटत नसेल, मांडी आत वळविताना कळ येत असेल, तर एमआरआयबद्दल जरूर विचारावे. ताप असेल किंवा पायावर भार देता येत नसेल, तर मुळीच थांबू नये. खुब्याचे दुखणे कधी गुडघ्यातही जाणवते. हा विकार अनेकदा दोन्ही बाजूंना होत असल्याने तपासणीही दोन्ही खुब्यांची व्हावी. पूर्वी घेतलेली स्टेरॉइडे, तसेच घटक न लिहिलेल्या पुड्या-गोळ्या डॉक्टरांपासून लपवू नयेत. शरीरात पेसमेकर वा धातूचा तुकडा असल्यास तेही आधीच सांगावे.

तपासणीसाठी पनवेल वा मुंबई गाठायची, तर कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरील मजुराचा दिवसाचा रोजगार बुडतो. म्हणून ती पुढे ढकलली जाते. पण सांधा खचल्यास बुडणारा रोजगार एका दिवसाचा नसतो.