जड मालमोटारीची स्वयंचलित गिअरपेटी : तिची निगा व दुरुस्ती

घाट चढणाऱ्या मालमोटारीच्या मागे आपली बस कधी ना कधी अडकली असेलच. चढ तीव्र झाला की चालक क्लच दाबतो, दांडा ओढतो, इंजिन क्षणभर मोकळे गुरगुरते आणि मग गाडी पुन्हा ओझ्याला लागते. दिवसातून शेकडो वेळा ही कसरत केल्यावर डावा पाय कसा भरून येतो, हे ज्यांच्या घरचा माणूस या व्यवसायात आहे त्यांना सांगावयास नको. आता काही टिपर, अग्निशामक गाड्या व बस यांत क्लचचे पायडल उरलेले नाही. गिअर आपोआप बदलतात. चालकाचे श्रम वाचले, हे खरे. परंतु जुन्या गिअरपेटीच्या निगेचे ठोकताळे या नव्या पेटीला लावले, तर मालकावर मोठ्या खर्चाचा आणि चालकावर जिवाचा प्रसंग येऊ शकतो.

या पेटीचे मूळ तत्त्व नवे नाही. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी द्रवाच्या द्वारे शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले. ते समजून घेण्यास दोन विजेचे पंखे पुरेत. ते समोरासमोर ठेवा व एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. वाऱ्याच्या जागी तेल कल्पिले आणि दोहोंच्या मध्ये प्रवाहाला योग्य वळण देणारे तिसरे चक्र बसविले, की ‘टॉर्क कन्व्हर्टर’ तयार झाला. त्याच्या मागे दंतचक्रे असतात. अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या ॲलिसन कंपनीच्या जड वाहनांसाठीच्या सहा गतींच्या प्रसिद्ध पेट्यांत ग्रहचक्रांचे तीन संच व पाच क्लचसंच असतात. आपल्या देशात चेन्नईजवळ ओरगडम येथे या कंपनीचा कारखाना आहे.

आता लक्षात घ्या, या पेटीत तेलाकडे चार कामे आहेत. इंजिनाची शक्ती पुढे नेणे, दाब देऊन क्लच आवळणे, चक्रांना वंगण पुरविणे आणि उष्णता बाहेर वाहून नेणे. म्हणून या पेटीची निगा म्हणजे प्रथम तेलाची निगा होय.

तेलाची पातळी पाहण्याची रीतही वेगळी आहे. इंजिनाचे तेल आपण इंजिन बंद करून पाहतो. या पेटीचे तेल मात्र इंजिन मंद चालू ठेवून पाहावयाचे असते. गाडी सपाट जागी उभी करावी, न्यूट्रलमध्ये घ्यावी, हँडब्रेक ओढावा व चाकांना उटी लावावी. वर सांगितलेल्या पेट्यांत अंतिम तपासणीच्या वेळी तेल ७१ ते ९३ अंश सेल्सिअस इतके तापलेले असावे लागते. कारण तापल्यावर तेल फुगते आणि थंडपणी घेतलेले माप फसवे ठरते. ज्यांत इलेक्ट्रॉनिक निवडफलक आहे, त्यांत वर-खाली बाणांची दोन्ही बटणे एकदम दाबली की पातळी आकड्यांत दिसते.

तेल कमी पडले तर पंप हवा ओढतो आणि तेलाला फेस येतो. ‘थोडे जास्त असलेले बरे’ असे समजून अधिक ओतले, तर फिरणारी चक्रे ते घुसळतात आणि तरीही फेसच होतो. फेसाळ तेलाने क्लच नीट आवळत नाहीत. ते घसरतात, तापतात आणि जळतात. बोटावर घेतलेल्या तेलाला करपट वास आला, तर क्लच जळत असल्याची ती सूचना समजावी. तेल दुधाळ दिसले, तर कूलरमधून पाणी आत शिरले आहे. अशा वेळी नुसते तेल बदलणे पुरेसे नाही. पाण्याबरोबर आलेले कूलंट क्लचच्या घर्षणपट्ट्या निकामी करते. चढावर तापमान मर्यादेबाहेर गेले, तर गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये इंजिन मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांवर चालवावे. दोन-तीन मिनिटांत तेल निवले नाही, तर तशीच गाडी पुढे नेऊ नये.

दोन जुन्या सवयी येथे विशेष घातक ठरतात. पहिली, डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे. त्यामुळे इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सारा भार चाकांच्या ब्रेकवर पडतो आणि पेटीचीही मोठी हानी होते. दुसरी, बंद पडलेली गाडी टोचन लावून तशीच ओढणे. वंगण पुरविणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे वंगण बंद. मागची चाके मात्र शाफ्टद्वारे पेटीतील चक्रे कोरडीच फिरवीत राहतात. म्हणून ओढण्यापूर्वी मागचा शाफ्ट सोडवावा किंवा फिरणारी चाके जमिनीपासून उचलावीत. अशी गाडी धक्का देऊनही सुरू होत नाही. तो खटाटोप करू नये.

दुरुस्तीची वेळ आलीच, तर पेटी उतरविण्याची घाई नको. फलकावरील दोषांक आधी लिहून घ्यावेत. ते पुसल्यावर मागोवा लागत नाही. बॅटरीचा दाब, वायरिंगचे जोड, तेल व फिल्टर पाहिल्याशिवाय शेकडो किलो वजनाचे यंत्र खाली घेणे म्हणजे पडशासाठी शस्त्रक्रिया करणे होय. चॅसीवर वेल्डिंग करावयाचे असेल, तर बॅटरी व नियंत्रक यांच्या तारा अगोदर सोडवाव्यात. पेटी उघडावीच लागली, तर धूळ नसलेली जागा निवडावी आणि धागे सुटणारी चिंधी मुळीच वापरू नये. एक बारीक धागा झडपेची वाट अडविण्यास पुरतो.

यांतील बहुतेक कामांना मोठी हत्यारे लागत नाहीत. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच तेल घालावे, फिल्टर ठरल्या वेळी बदलावेत, आणि चालकाजवळ एक वही असावी : तारीख, किलोमीटर, तेलाची पातळी, त्याचा रंग व वास. कर्ज काढून गाडी घेतलेल्या कुटुंबाचे उत्पन्न गाडीच्या फिरत्या चाकांवर अवलंबून असते. रोजची पाच मिनिटे त्या वहीला दिली, तर बिघाड रस्त्यावर गाठण्याआधी अंगणातच ओळखता येईल.