सहलीच्या गाड्यांची माझी आवडती तीन वाफेची इंजिनं 🚂

१) फेअरी क्वीन : १८५५ साली इंग्लंडमधल्या लीड्समध्ये तयार झालं. १९०९ मध्ये निवृत्त झालेली ही राणी १९९७ मध्ये दिल्ली-अलवर पर्यटन गाडी ओढायला पुन्हा रुळांवर उतरली. पुढच्याच वर्षी नियमित सेवेतलं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून गिनीज बुकात नोंद!

२) दार्जिलिंगचं बी क्लास : चारच चाकांचं, दोन फुटी रुळांवरचं पिटुकलं इंजिन. १८८९ पासूनचा हा नमुना. धुकं-पावसात रूळ निसरडे झाले की इंजिनाच्या पुढे बसलेले दोघं जण हाताने रुळांवर वाळू टाकतात, म्हणजे चाकं घसरत नाहीत.

३) निलगिरीचं एक्स क्लास : माझा पहिला नंबर यालाच. स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमधलं मूळ डिझाइन. कल्लार ते कुन्नूर चढ १२ला १ इतका खडा, म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी. इंजिन गाडीच्या खालच्या टोकाला राहून तिला वर ढकलतं. याला चार सिलिंडर : खालची जोडी चाकं फिरवते, तिथून सुटलेली वाफ वाया न जाता वरच्या जोडीत जाते आणि दातेरी चाकं फिरवते. एकाच वाफेकडून दोनदा काम!

निलगिरीच्या या गाडीने उटीला जाणार असाल तर मेट्टुपालयमहून सकाळची गाडी पकडा आणि तिकीट आधीच काढून ठेवा. वाफेचं इंजिन फक्त कुन्नूरपर्यंतच्या टप्प्यावर असतं, पुढे डिझेल.

तुमचं आवडतं कुठलं? कमेंटमध्ये सांगा.