व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा १९१६ चा हंगाम : युद्धकाळातील एका स्पर्धेचा सामाजिक अन्वयार्थ

ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. अंडाकृती मैदान, प्रत्येक संघात अठरा खेळाडू, मधल्या दोन खांबांतून चेंडू मारल्यास सहा गुण व लगतच्या बाजूच्या खांबापर्यंतच्या अंतरातून गेल्यास एक गुण, एवढी माहिती प्रस्तुत विवेचनापुरती पुरेशी आहे. व्हिक्टोरिया राज्यात या खेळाची प्रमुख स्पर्धा व्हिक्टोरियन फुटबॉल लीग १८९७ पासून भरवीत असे. १९१५ मध्ये तीत नऊ संघ होते. १९१६ मध्ये केवळ चार उरले, आणि त्यांतील तळाचा संघ विजेता ठरला. क्रीडारसिक ही घटना विक्रमांच्या यादीतील एक गंमत म्हणून सांगतात. तिचे खरे महत्त्व मात्र मैदानाबाहेर शोधावे लागते.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाचे परदेशी लढणारे सैन्य पूर्णतः स्वयंसेवकांचे होते. सक्ती नसल्यामुळे भरतीचा सारा भार सामाजिक दबावावर पडला आणि मैदानावर धावणारा प्रत्येक धडधाकट तरुण टीकेचा विषय झाला. खेळाडूंना मानधन देण्यास लीगने १९११ मध्ये मान्यता दिली होती. त्यामुळे ‘पैशासाठी खेळतात, देशासाठी लढत नाहीत’ असा आरोप करणे सोपे गेले. हौशी खेळाचा आदर्श मानणाऱ्या सुस्थित वर्गाच्या दृष्टीने युद्धकाळात स्पर्धा चालू ठेवणे हेच अनुचित होते. उलट, आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्या कामगारास शनिवारचा सामना ही जवळजवळ एकमेव करमणूक होती.

अखेर मेलबर्न, एसेंडन, सेंट किल्डा, साऊथ मेलबर्न व जिलाँग हे पाच संघ बाहेर राहिले. कार्लटन, कॉलिंगवूड, फिट्झरॉय व रिचमंड हे चार खेळले. हे चारही संघ मेलबर्न शहराच्या मध्यभागालगतच्या दाट, प्रामुख्याने कामगारवस्तीच्या उपनगरांतील होत. या फुटीचे वर्गीय स्पष्टीकरण सहज सुचते आणि बऱ्याच अंशी ते ग्राह्यही आहे. तथापि साऊथ मेलबर्न हेही बंदरालगतचे कामगारांचेच उपनगर होते, हे विसरून चालणार नाही. एकाच कारणाने सर्व काही उलगडण्याचा मोह येथे टाळलेला बरा.

साखळीत प्रत्येक संघाने बारा सामने खेळले. कार्लटनने दहा जिंकले. फिट्झरॉयच्या वाट्यास दोन विजय, एक बरोबरी व नऊ पराभव आले. परंतु उपान्त्य फेरीत पहिल्या चार संघांना प्रवेश देण्याचा नियम पूर्वीचाच राहिला होता, आणि संघच चार असल्यामुळे साखळीतून कोणीही बाद झाले नाही! फिट्झरॉयने कॉलिंगवूडला नमविले, नंतर अंतिम सामन्यात कार्लटनलाही हरविले. तत्कालीन नियमानुसार साखळीतील अव्वल संघास अशा पराभवानंतर पुन्हा आव्हान देण्याचा हक्क असे. कार्लटनने तो बजावला. २ सप्टेंबर १९१६ रोजी मेलबर्न क्रिकेट मैदानावर झालेल्या त्या निर्णायक लढतीत फिट्झरॉयने ८५ विरुद्ध ५६ गुणांनी विजेतेपद मिळविले. एकाच हंगामात तळाचे स्थान व विजेतेपद दोन्ही मिळविणारा लीगच्या इतिहासातील हा एकमेव संघ आहे.

हे सामने ज्या आठवड्यांत झाले, त्यांचाही विचार करावयास हवा. १९ जुलैच्या संध्याकाळी फ्रान्समधील फ्रोमेल येथे सुरू झालेल्या हल्ल्यात एका रात्रीत ५,५३३ ऑस्ट्रेलियन सैनिक मृत, जखमी वा बंदी झाले. पाठोपाठ पोझियेरची लढाई झाली. रिकाम्या जागा भरण्यासाठी पंतप्रधान ह्यूज यांनी सक्तीच्या परदेशी लष्करसेवेचा प्रश्न २८ ऑक्टोबर १९१६ रोजी जनमतास टाकला. सुमारे ७२ हजारांच्या फरकाने तो फेटाळला गेला. हिवाळ्यात मैदानांवरून झालेल्या वादाचाच हा व्यापक आविष्कार होता, असे म्हणण्यास वाव आहे. १९१७ मध्ये भरतीमोहिमेने खेळाडूंनाच थेट आवाहन करणारी भित्तिपत्रके काढली.

बाहेर राहिलेले संघ टप्प्याटप्प्याने परतले : १९१७ मध्ये साऊथ मेलबर्न व जिलाँग, १९१८ मध्ये एसेंडन व सेंट किल्डा. मेलबर्नचा संघ मात्र युद्ध संपल्यानंतरच, १९१९ मध्ये, पुन्हा मैदानात उतरला.