पार्सलावरील पत्त्याची चिठ्ठी

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या सरहद्दीवरील तालुक्यांच्या बाजारपेठांत, जिथे गल्ल्यावर बसलेला दुकानदार गिऱ्हाइकाशी मराठीत, हमालाशी कानडीत आणि टेम्पोवाल्याशी दखनीत बोलतो आणि तिन्ही भाषांत सारख्याच सराईतपणे घासाघीस करतो, तिथे अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी पडतो : पार्सलावर चिकटवावयाचे लेबल छापण्यासाठी कोणता प्रिंटर घ्यावा? प्रश्न वरकरणी क्षुद्र आहे, आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील वेगाचे व किमतीचे आकडे पाहून तो निकालात काढणारे पुष्कळ आहेत. परंतु या मुलखातून बाहेर गेलेल्या मालावर गेल्या पाऊणशे वर्षांत पत्ता कोणी घातला, कशाने घातला, आणि मुख्य म्हणजे तो कोणी वाचला, याचा मागोवा घेतल्यावाचून त्याचे शहाणपणाचे उत्तर देता येईल असे मला वाटत नाही. कारण लिहिण्याचे साधन नेहमी वाचणाऱ्याच्या डोळ्याला बांधलेले असते, आणि या काळात तो डोळाच अनेकदा पालटला आहे.

निजामी अमदानीत हा सारा प्रदेश हैदराबाद संस्थानात मोडत असे. संस्थानाचे नाणे निराळे, टपाल निराळे, तिकिटेही निराळी; १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाचा कारभार संपुष्टात आला तरी त्याचे टपालखाते भारताच्या टपालखात्यात विलीन होण्यास १९५० साल उजाडावे लागले. त्या दिवसांत मोठा माल अडत्याच्या पेढीवरून हुंडेकऱ्यामार्फत रवाना होई, आणि गोणीवर पत्ता म्हणून जो काही असे तो वस्तुतः पत्ता नव्हेच, तो मार्का असे : पत्रा कापून केलेल्या छापावरून काळी शाई फिरवून उमटविलेली पेढीची दोन अक्षरे, त्यांभोवती एखादा त्रिकोण वा चौकट, आणि खाली मुक्कामाचे नाव. सविस्तर मजकूर बिल्टीत आणि पेढीच्या जावक बारनिशीत. गोण उतरविणाऱ्या हमालाला बहुधा अक्षरओळख नसे, म्हणून मार्का अक्षरांपेक्षा आकृतीवरच अधिक विसंबलेला असे. चौकटीतला माल या थप्पीवर, त्रिकोणातला त्या थप्पीवर, एवढी रुजुवात नजरेने झाली की काम भागले. आजच्या पार्सलावरील काळ्या रेघांच्या पट्टीला जे अडाणीपणाचे लक्षण समजतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे. यंत्रालाही अक्षर वाचावयाचे नसते, खूण ओळखावयाची असते.

टपालाने जाणाऱ्या पार्सलाचा थाट मात्र वेगळाच. मांजरपाटात वस्तू शिवून घ्यावयाची, प्रत्येक जोडावर लाख वितळवून पेढीची मोहोर उठवावयाची, आणि कापडावर कॉपिंग पेन्सिलीने, पेन्सिलीचे टोक जिभेवर ओले करून, पत्ता घालावयाचा. ते जांभळे अक्षर पाणी लागले की अधिकच गडद होई आणि पुसले म्हणून पुसले जात नसे. पुढे आलेल्या कितीतरी छपाईच्या साधनांना हा गुण साधला नाही! गाणगापूरला मनिऑर्डरने दक्षिणा पाठवून टपालाने अंगारा-प्रसाद मागविणाऱ्या महाराष्ट्रातील दत्तभक्तांची पाकिटे असोत किंवा बिदरच्या कारागिराने व्ही. पी. ने धाडलेली फुलदाणी असो, पत्ता लिहिणारा आणि पत्ता वाचणारा या दोहोंमध्ये एक गृहीत परिचय होता. ‘मारुतीच्या देवळामागे, पाटलांच्या वाड्याशेजारी’ एवढे लिहिले तरी चाले, कारण वाचणारा पोस्टमन त्याच गावचा असे.

१ नोव्हेंबर १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेने उदगीर, निलंगा व अहमदपूर हे बिदर जिल्ह्याचे तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले आणि उरलेल्या बिदरचा बहुतेक भाग गुलबर्ग्यासह, म्हणजे आजच्या कलबुर्गीसह, म्हैसूर राज्यात आला. सोयरिकी होत्या तशाच राहिल्या, दफ्तराची भाषा तेवढी बदलली. मग १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील ज्येष्ठ अधिकारी तसेच संस्कृतचे कवीही होते. सहा स्थानांत सारे भारतवर्ष बसविण्याची कल्पना वृत्तात अक्षरे मोजण्याची सवय असलेल्या माणसाला सुचावी यात मला नवल वाटत नाही. उदगीर-निलंग्याचा क्रमांक ४१३ ने सुरू होऊ लागला, भालकी-औरादचा ५८५ ने, आणि पलीकडील जहीराबादचा ५०२ ने. पत्त्याचा एक भाग आता गावच्या पोस्टमनासाठी राहिला नाही. दूरवर कोठेतरी थैल्यांची विभागणी करणाऱ्या, या मुलखाचे नावही न ऐकलेल्या मनुष्यासाठी तो लिहिला जाऊ लागला.

त्यानंतरची काही दशके छपाईच्या दृष्टीने फारशी सांगण्यासारखी नाहीत : टंकलेखनयंत्र, मग करकरणारा डॉट मॅट्रिक्स. खरा पालट २०१७ साली झाला असे मी मानतो. त्या वर्षी १ जुलैपासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि सरहद्दीवरील नाक्यांचा जाच संपला. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग खुला होऊन बिदर व हुमनाबाद कलबुर्गीमार्गे मुंबईच्या लोहमार्गाशी जोडले गेले. दोन वर्षांनी कलबुर्गीच्या तूरडाळीस भौगोलिक मानांकन मिळाले, आणि पुण्यामुंबईतील गृहिणी एक-दोन किलोंच्या पिशवीसाठी थेट दुकानदारालाच मागणी नोंदवू लागल्या. गोणीचा व्यापार पिशवीवर आला म्हणजे पत्ते शंभरपट होतात, हे गणित दुकानदाराला प्रथम मनगटाच्या दुखण्यातून कळले.

आरंभी बहुतेकांनी घरातल्याच प्रिंटरवर काम भागविले. मोठ्या कागदावर चिठ्ठी छापावयाची, कात्रीने कापावयाची, वर पारदर्शक चिकटपट्टी ओढावयाची. इंकजेटची शाई पहिल्या पावसात ओघळे. लेसरची छपाई पाण्याला टिके, परंतु कागद टिकत नसे, आणि चिकटपट्टीच्या चकाकीमुळे वाचकयंत्राला रेघा दिसेनात. तेव्हा चार इंच रुंद आणि सहा इंच लांब चिठ्ठी थेट रोलवर छापणाऱ्या औष्णिक प्रिंटरकडे लोक वळले, आणि इथेच निवडीचा खरा कज्जा सुरू होतो.

अशा प्रिंटरच्या दोन जाती आहेत. पहिलीत शाई नसतेच. कागदावरील लेपात रंगहीन रंजकद्रव्य आणि त्याला रंग आणणारे दुसरे द्रव्य शेजारी शेजारी निजलेले असते, आणि छपाईच्या हेडवरील सूक्ष्म तप्त बिंदू जिथे टेकतात तिथे ती वितळून एकत्र येतात व कागद काळा होतो. शाईवाचून काळे करण्याची विद्या बिदरला नवी नाही : जस्त अधिक व तांबे अल्प अशा मिश्रधातूत चांदीची तार ठोकून बसविल्यावर किल्ल्यातील मातीत नवसागर कालवून त्याचा लेप देतात, तोच धातू काळाभोर होतो आणि चांदी मात्र शुभ्र राहते. फरक एवढाच की बिदरीची काळिमा पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि या कागदाची ऊन्ह, उष्णता व घर्षण यांपुढे हळूहळू विटते. दुसऱ्या जातीत मेणाच्या किंवा राळेच्या शाईची रिबन असते. उष्णतेने ती शाई वितळून कागदावर बसते आणि दीर्घकाळ राहते, परंतु रिबनचा खर्च व ती बसविण्याची कटकट मागे लागते.

कलबुर्गीचा वैशाख ज्याने अंगावर घेतला आहे, ज्या महिन्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो आणि बंद मालगाडीच्या पेटीत त्याहून कितीतरी अधिक ताप असतो, तो साहजिकच दुसऱ्या जातीकडे झुकेल. माझे मत तसे नाही. डाळीचे पार्सल आठवड्याच्या आत पोहोचते, आणि तेवढ्या अवधीसाठी पहिल्या जातीचा चांगल्या लेपाचा कागद पुरेसा आहे. मात्र न वापरलेले रोल पत्र्याच्या छपराखाली ठेवू नयेत आणि छापलेल्या चिठ्ठीवर पारदर्शक चिकटपट्टी ओढू नये, कारण तिच्या डिंकातील द्रव्ये छपाई विटवितात. बिदरीचा कारागीर परदेशी माल धाडतो, जो आठवडेच्या आठवडे गोदामात आणि जहाजात राहतो, त्याने मात्र रिबनचाच अंगीकार करावा. इंचास २०३ बिंदू, म्हणजे मिलिमीटरास ८, एवढी सूक्ष्मता रेघांच्या पट्टीला पुरते. ३०० बिंदूंसाठी अधिक पैसे मोजण्याचे प्रयोजन बारीक अक्षरे छापावयाची असतील तरच. वेगाचा मोह तर सर्वस्वी व्यर्थ. त्याऐवजी विचारावे ते हे, की यंत्र कोणाचाही रोल घेते की एकाच कंपनीचा मागते. हेड झिजल्यावर बदलून मिळते काय, आणि त्यासाठी सोलापूर किंवा हैदराबाद गाठावे लागते काय. डाळमिलच्या आवारात उडणारी भुकटी हेडावर बसून छपाईत पांढऱ्या रेघा पाडते, म्हणून यंत्र मिलच्या खोलीत ठेवू नये, आणि रोल बदलताना स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसावे. हा सल्ला माहितीपत्रकात कोठेतरी तळाशी छापलेला असतो.

लिपीचा प्रश्न याहून नाजूक. निजामाच्या उस्मानिया नोटांवर उर्दूबरोबर मराठी, कानडी आणि तेलुगू अक्षरांतही किंमत छापलेली असे. संस्थानाची रयतेवर एवढी तरी मेहेरबानी होती. आजच्या बहुतेक लेबल प्रिंटरांच्या पोटात रोमन अक्षरेच असतात, आणि देवनागरी किंवा कानडी मजकूर संगणकाने चित्र करून पाठवावा लागतो. घेण्यापूर्वी दुकानात उभ्या उभ्या एक जोडाक्षर छापून पाहावे. ‘कृष्णा’तला ‘ष्ण’ सुटा होऊन पडला तर यंत्राशी जुळलेल्या प्रणालीत खोट आहे असे समजावे. पुष्कळांना ही चैन वाटते, कारण पिनकोड आणि रेघांची पट्टी यांवरच पार्सल तालुक्यापर्यंत येते, आणि २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीडपोस्टात विलीन झाल्यावर तर टपालातही पट्टीचेच राज्य अधिक दृढ झाले आहे. परंतु तालुक्यापासून खेड्यापर्यंतचा शेवटचा टप्पा अद्याप माणूसच चालतो, आणि रेघांवरून त्याला घर सापडत नाही. म्हणून आळंदचा वा औरादचा जाणता दुकानदार छापलेल्या चिठ्ठीच्या कडेला बॉलपेनने गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलेली खूण लिहितो, कधी मराठीत, कधी कानडीत, ज्या गावी जशी चालते तशी; आणि चकाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या लेबलावर बॉलपेन घसरते, म्हणून रोल मागविताना तो साध्या, निस्तेज पृष्ठाच्या कागदाचाच मागवितो.