‘नमः शिवाय’ : पांच अक्षरांचा अर्थ

लातूरचें ग्रामदैवत सिद्धेश्वर. महाशिवरात्रीस तेथें यात्रा भरते, तेव्हां देवळाच्या वाटेवर एकच घोष कानीं पडत असतो : ‘ॐ नमः शिवाय’. नांदेड जिल्ह्यांत देगलूर तालुक्यांतील होट्टल येथें चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर आहे. तेथेंही हात जोडणाऱ्याच्या ओठीं हेच शब्द येतात. आपल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं आजी-आजोबा पहांटे हाच जप करतात. परंतु अर्थ विचारला असतां ‘शंकराला नमस्कार’ यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाहीं. उत्तर चुकीचें नाहीं, अपुरें आहे.

प्रथम व्याकरण पाहूं. ‘शिव’ हा अकारान्त पुल्लिंगी शब्द. त्याचें चतुर्थीचें एकवचन ‘रामाय’प्रमाणें ‘शिवाय’. ‘नमः’ या अव्ययाच्या योगें चतुर्थी येते, असा पाणिनीचा नियम आहे. चतुर्थी ही दानाची विभक्ति. ‘भुकेल्याला अन्न देतो’ या वाक्यांत भुकेल्याची जी विभक्ति, तीच येथें शिवाची. मग येथें दिलें जातें तें काय? ‘नमः’ हा शब्द ‘नम्’ म्हणजे वांकणें या धातूपासून झाला आहे. तेव्हां भक्त देतो तें आपलें वांकणें, म्हणजेच आपला ताठा. परीक्षेंत उत्तीर्ण कर, पाऊस पाड, असें मागणें या मंत्रांत कोठेंही नाहीं. फार काय, त्यांत क्रियापदसुद्धां नाहीं. मला तर हीच त्याची सर्वांत मोठी थोरवी वाटते.

आतां ‘शिव’ या शब्दाकडे वळूं. मुळांत हें देवाचें नांव नव्हे. ‘मंगल, कल्याणकारक’ अशा अर्थाचें तें विशेषण आहे. ऋग्वेदांतील रुद्र हा उग्र देव. त्याच्या बाणांची व कोपाची उपासकास धास्ती, आणि औषधें देणाराही तोच. कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेंत, चौथ्या कांडाच्या पांचव्या प्रपाठकांत या रुद्राचें प्रसिद्ध स्तवन आहे. त्याचे अनुवाक ११. त्यांपैकीं आठव्यांत हीं पांच अक्षरें आढळतात. त्या स्तवनांत रुद्राच्या धनुष्यास नमस्कार आहे, सुतारास आहे, कुंभारास आहे, व्याधास आहे, आणि चोरांच्या अधिपतीच्या रूपांतल्या रुद्रासही आहे! ज्याचें भय वाटतें त्यालाच ‘मंगला’ अशी हांक मारावयाची, हें धैर्य या शब्दांत सांठविलेलें आहे. ‘शंकराला नमस्कार’ एवढ्या भाषांतरांत तें सगळें निसटतें.

न, म, शि, वा, य हीं पांच अक्षरें. विसर्ग निराळा मोजीत नाहींत. आरंभीं ॐकार जोडला म्हणजे मंत्र षडक्षरी होतो. या पांचांचा संबंध पृथ्वी, जल, अग्नि, वायु व आकाश या पंचमहाभूतांशीं जोडण्याची रीत आहे. ती ध्यानास सोयीची खरी, पण शब्दार्थाचा भाग नव्हे. उच्चाराविषयींही एक गोष्ट सांगावीशी वाटते. आजी ‘नमश्शिवाय’ म्हणते म्हणून हंसूं नये. विसर्गापुढें ‘श’ आला असतां तो उच्चारही शुद्धच आहे. ‘नमो शिवाय’ मात्र व्याकरणांत बसत नाहीं. ‘नमो’ हें रूप मृदु व्यंजनापूर्वीं येतें, जसें ‘नमो नारायणाय’.

हा मंत्र म्हणावा कोणीं, हा प्रश्न पूर्वीं लहान नव्हता. शिवपुराणांत द्विजांनीं ‘नमः’ आधीं म्हणावें, इतरांनीं शेवटीं, असा भेद सांगितला आहे. शब्द तेच, अर्थ तोच, आणि तरी माणसांत ओळ आंखलेली! बाराव्या शतकांत बसवेश्वरांनीं हा भेद मानला नाहीं. त्यांचें कल्याण म्हणजे लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडचें, बीदर जिल्ह्यांतील आजचें बसवकल्याण. गुरु, लिंग, जंगम, पादोदक, प्रसाद, विभूति, रुद्राक्ष आणि मंत्र या अष्टावरणांत हा मंत्र आला, आणि इष्टलिंग धारण करणाऱ्या स्त्री-पुरुषांस तो सारखाच मोकळा झाला.

कानडींतील हा प्रवाह आपल्या भागांत मराठी झाला. बीड जिल्ह्यांत कपिलधार येथें ज्यांची समाधि आहे त्या मन्मथस्वामींनीं ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठींत लिहिला. लातूर व नांदेड जिल्ह्यांतील गांवोगांवीं अखंड शिवनाम सप्ताह होतात, त्यांत त्याचें पारायण चालतें. तेथें बसणाऱ्या शेतकऱ्यास चतुर्थी विभक्ति ठाऊक नसेल. त्यावांचून त्याची भक्ति अडत नाहीं. आपण मात्र वर्गांत विभक्त्या घोकतों, तेव्हां आपल्याच शेजारीं रोज उच्चारल्या जाणाऱ्या या चतुर्थीची ओळख आपणांस असूं नये काय?

देगलूरच्या बाजारांत मराठी, कानडी व तेलुगु या तिन्ही भाषा ऐकूं येतात. लिपि तिन्हींच्या निराळ्या. पण हीं पांच अक्षरें कोणालाही दुसऱ्यास समजावून सांगावीं लागत नाहींत.